काठीतले पाते : ट्रेकरची काठी, चाकू आणि कायदा

डोंगरात जाणाऱ्याच्या हातात काठी असते आणि सॅकमध्ये चाकू असतो, यात कोणाला वावगे वाटत नाही. या दोन वस्तू एकत्र केल्या की मात्र प्रश्न उभा राहतो. काठीच्या मुठीत पाते बसवून घ्यावे, म्हणजे अडचणीच्या वेळी ते हाताशी राहील, ही कल्पना भटक्यांच्या गप्पांत नेहमी निघते. बाजारातही तशा काठ्या मिळतात. काहींची मूठ फिरवली की तिच्यासकट पाते बाहेर येते. काहींच्या खालच्या टोकाची रबरी टोपी काढली की अणकुचीदार फाळ दिसतो. काहींच्या पोकळ नळीत होकायंत्र आणि काडेपेटीबरोबर एक घडीचा चाकू ठेवलेला असतो.

अशी काठी बाळगणे कायदेशीर आहे का? या प्रश्नाला दोन ठाम उत्तरे मिळतात. एक म्हणते, नऊ इंचांच्या आतले पाते असेल तर काहीच अडचण नाही. दुसरे म्हणते, ती गुप्तीच, सरळ गुन्हा. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कायद्याचा मजकूर, पोलिसांची रीत, जंगलाचे वेगळे नियम आणि इतर देशांनी काढलेले मार्ग समोर ठेवल्यावर कोणता भाग पक्का आहे आणि कोणता मोकळा, ते दिसते.

मागची हकिकत

भारतातल्या शस्त्रबंदीचे मूळ १८७८च्या कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याने तोफबंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण हेही परवान्याच्या कक्षेत आणले आणि युरोपीयांना सूट दिली. त्यामुळे हा कायदा सुरक्षेपुरता उरला नाही, तो मानापमानाचा विषय झाला. १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. राज्यघटनेत तो हक्क आला नाही. अनुच्छेद १९ने दिलेला एकत्र जमण्याचा हक्कदेखील ‘शांततेने व विनाशस्त्र’ असा आहे.

१९५९चा शस्त्र अधिनियम या पार्श्वभूमीवर आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे. बंदुकीसाठी देशभर सर्वत्र परवाना लागतो. धारदार शस्त्रांचे तसे नाही. ती बाळगण्यासाठी परवाना कुठे लागेल हे केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून भागानुसार ठरवायचे, अशी कलम ४ची योजना आहे. जिथे शांततेला धोका आहे तिथे बंधन घालावे आणि एरवी शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या हातातल्या अवजाराला हात लावू नये, हा त्यामागचा विचार. आजच्या वादातले बरेच गोंधळ ही दुहेरी रचना नजरेआड झाल्यामुळे होतात.

छुप्या पात्याच्या काठीकडे कायद्याचे लक्ष मात्र फार पूर्वीपासून आहे. एकोणिसाव्या शतकात अशा काठ्या लंडनमध्ये राजरोस विकल्या जात. १८३० साली सुरू झालेल्या जेम्स स्मिथ अँड सन्स या छत्र्यांच्या दुकानाच्या दर्शनी भागावर आजही खंजिराच्या काठ्या, तलवारीच्या काठ्या आणि ‘लाइफ प्रिझर्व्हर’ ही अक्षरे वाचता येतात. आत्मरक्षणासाठी जवळ ठेवायच्या आखूड दंडुक्याला तेव्हा हे नाव होते. भारताच्या १९६२च्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवारीची काठी आणि लाइफ प्रिझर्व्हर दोन्ही नावे आहेत. ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरात छुपे शस्त्र घेऊन हिंडणारे लोक होते. डोंगर चढणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

व्याख्या कुठे अडते

अधिनियमाच्या कलम २मधली ‘शस्त्र’ची व्याख्या आपल्या प्रश्नाला अगदी थेट भिडते. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली अथवा तशा उपयोगाची केलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, आणि त्यात धारदार व इतर प्राणघातक हत्यारे येतात. मग अपवाद आहे: निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू, जसे की लाठी किंवा साधी हातकाठी, या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे काठीला कायद्याने स्वतःहून बाहेर ठेवले आहे, पण ती ‘साधी’ असेल तर. आत पाते आले की ती साधी राहिली, असे म्हणणे कठीण होते.

पुढची पायरी नियमांची. १९६२च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचवा प्रवर्ग बंदुकीखेरीज इतर शस्त्रांचा आहे. तिथे तलवारी आणि कंसात तलवारीच्या काठ्या, खंजीर, संगिनी, भाले, परशू, मग कृपाण व खुकरीसह चाकू, आणि ‘नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तत्सम शस्त्रे’ अशी मोजणी आहे. घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत.

‘नऊ इंचांच्या आत चालते’ हा समज इथून आला. पण नऊ इंचांची अट यादीतल्या कोणकोणत्या वस्तूंना लागू होते? एका वाचनाप्रमाणे ती सगळ्यांनाच लागू आहे, म्हणजे चार इंची पात्याची काठी यादीत बसत नाही. दुसऱ्या वाचनाप्रमाणे ती फक्त चाकू व तत्सम शस्त्रांना लागू आहे. तलवार, तलवारीची काठी, खंजीर, भाला ही नावे लांबीच्या अटीशिवायच आलेली आहेत. वाक्याची रचना दुसऱ्या वाचनाला अधिक अनुकूल आहे असे मला वाटते, कारण खंजिराचे किंवा भाल्याचे पाते बहुधा नऊ इंचांपेक्षा आखूडच असते आणि अट त्यांनाही लावली तर त्यांची नावे यादीत ठेवण्याला अर्थ उरत नाही. तरीही आखूड पात्याच्या काठीला ‘तलवारीची काठी’ म्हणता येईल का, हा मुद्दा शिल्लक राहतोच. तीन इंची पात्याने भाकरीबरोबरचा कांदा चिरता येईल, तलवारीचे काम होणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. पाते लपवू नये म्हणून ते काठीच्या टोकाला उघडे बसवले, तर त्या वस्तूचे नाव भाला होते, आणि भालाही त्याच यादीत आहे. म्हणजे चाकू काठीला कायमचा जोडायचा ठरवले तर लपवून केले काय आणि उघडपणे केले काय, दोन्ही वाटा नियमांत नाव घेऊन अडवलेल्या आहेत.

इथे बर्फकुऱ्हाडीची आठवण होते. आल्प्समधल्या गिर्यारोहकांची लांब टोकदार काठी आणि लाकूडतोड्यांची कुऱ्हाड यांच्या मेळातून एकोणिसाव्या शतकात ती घडली. दांडा, एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला पसरट पाते आणि तळाशी खिळा अशी ती चांगलीच घातक वस्तू आहे. तरी दार्जिलिंगच्या किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षणार्थींच्या हाती ती दिली जाते तेव्हा कोणी तिला परशू समजत नाही. तिचे काम तिच्या आकारावरून कळते. काठीत दडवलेल्या पात्याचे काम काय, हे पाहणाऱ्याला आकारावरून कळत नाही, आणि सगळ्या वादाचे मूळ मला यातच दिसते. लांबीचा मुद्दा त्याच्यानंतर येतो.

बाळगणे वेगळे, बनवणे वेगळे

पाते बाळगल्याबद्दलचा गुन्हा कलम ४ आणि कलम २५(१ब)(ब) मिळून होतो. अधिसूचित भागात, अधिसूचनेत नमूद केलेले शस्त्र विनापरवाना बाळगल्यास एक ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. त्यामुळे त्या भागासाठी अधिसूचना आहे का आणि तिच्यात नेमके कोणते शस्त्र लिहिले आहे, हे सरकार पक्षाने दाखवले पाहिजे. महाराष्ट्रात कोयते, तलवारी पकडल्यावर कलम ४ व २५ आणि सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १३५ अशी नोंद होते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. न्यायालयात अधिसूचनेचा पुरावा हा बचावाचा ठरलेला मुद्दा असतो.

दिल्लीचे उदाहरण या बाबतीत उपयोगी आहे. तिथल्या प्रशासनाने १९८० साली अधिसूचना काढून खटक्याच्या चाकूंवर बंधन घातले: पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असली की ते बंधन लागू. असा चाकू खिशात सापडला म्हणून वर्षानुवर्षे खटले होत राहिले. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे दाखवून दिले की त्या अधिसूचनेचा रोख उत्पादन, विक्री आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगण्यावर आहे. आरोपपत्रात तसा आरोपच नसल्याने तो खटला रद्द झाला. पात्याचे माप जुळले एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, अधिसूचनेचे शब्द तपासावे लागतात, असा त्याचा बोध.

बनवण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि हौशी कारागिरांना तो बहुतेक ठाऊक नसतो. कलम ५ शस्त्रे बनवणे, विकणे, रूपांतर करणे, दुरुस्त करणे यांना परवाना मागते. बंदुकीबरोबरच नियमांनी ठरवलेल्या वर्गातली इतर शस्त्रेही त्यात येतात, आणि कलम ४मध्ये असलेली भागाची अट इथे नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम ५च्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ही तरतूद बेकायदा बंदुकांचे कारखाने समोर ठेवून कडक केली गेली. स्वतःच्या वापरासाठी घरी एक काठी पोखरून तिच्यात पाते बसवणाऱ्यावर ती लावणे अन्यायाचे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कायद्याच्या शब्दांत हौस आणि धंदा असा फरक नाही, आणि एवढ्या मोठ्या शिक्षेची शक्यता समोर असताना तपास अधिकाऱ्याच्या समजूतदारपणावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

माहिती नसताना अशी काठी हाती आली तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात शस्त्र ‘ताब्यात असणे’ म्हणजे जाणिवेने ताब्यात असणे, असा अर्थ लावला. आजोबांच्या काठीत पाते आहे हे खरोखरच ठाऊक नसलेल्या नातवाला त्याचा आधार मिळतो. बाजारातून मुद्दाम तशी काठी मागवणाऱ्याला मिळत नाही.

मनाई आदेशांचे दिवस

शस्त्र अधिनियमातून सुटले तरी महाराष्ट्रात दुसरा कायदा उभा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७(१)खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक काळ शस्त्रबंदी लावू शकतात. सण, निवडणुका, आंदोलने यांच्या आगेमागे असे आदेश निघत राहतात. या कलमात तलवारी, भाले, चाकू यांच्याबरोबर काठ्या आणि लाठ्याही आहेत, आणि शेवटी शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू. उल्लंघनाची शिक्षा कलम १३५खाली एक वर्षापर्यंत कैद.

म्हणजे आदेश लागू असताना पात्याची तर सोडाच, साधी काठीही कागदोपत्री बंदीत येते. आदेशांत बहुधा वय किंवा शारीरिक दुर्बलता यांमुळे काठी लागणाऱ्यांना सूट लिहिलेली असते. धडधाकट ट्रेकरला तिच्यात जागा नाही. प्रत्यक्षात शनिवारी रात्री कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्याच्या सॅकला लटकलेले ट्रेकिंग पोल कोणी जप्त करत नाही, कारण ते कशासाठी आहेत हे दिसते. झडतीत त्याच पोलमधून पाते निघाले तर ही सवलत संपते. गोव्यात हा अधिनियम लागू नाही, पण शस्त्र अधिनियम आणि पुढे येणारा वन्यजीव कायदा तिथेही आहेतच.

अभयारण्याची हद्द

ट्रेकरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली तरतूद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२मध्ये आहे. कलम ३१ सांगते की मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरू नये. राष्ट्रीय उद्यानांनाही हे लागू आहे. आणि या कायद्यातल्या ‘शस्त्र’च्या व्याख्येत धनुष्यबाण, बंदुका, जाळी, विष, फासे यांच्याबरोबर ‘चाकू’ हा शब्द आहे. लांबीची अट नाही, हेतूची नाही, घरगुती वापराचा अपवाद नाही.

सह्याद्रीतले कितीतरी आवडते ट्रेक या हद्दीत येतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. वासोट्याची वाट कोयना अभयारण्यातून जाते, भीमाशंकरचे जंगल स्वतःच अभयारण्य आहे, आणि मुंबईकरांच्या दाराशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. गोव्यात दूधसागरकडे जाणारा भगवान महावीर अभयारण्यात असतो. शब्दशः वाचले तर या सर्व ठिकाणी सफरचंद कापायचा चाकूही लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याच वाटांवर कमरेच्या आकडीत कोयता अडकवून चालणारा गावकरी भेटतो. तो वाटेत आलेली घाणेरी तोडतो, सरपण आणतो, आपल्याला वाट दाखवतो. जंगलाशी त्याचे नाते पिढ्यांचे आहे आणि वनरक्षक त्याला नावाने ओळखतो. त्याचा कोयता उघडा असतो. कायद्याच्या अक्षराप्रमाणे तोही कलम ३१मध्ये सापडतो, व्यवहारात सापडत नाही. तपासणी नाक्यावर अधिकारी बंदूक, फासे, जाळी शोधतो, स्वयंपाकाची सुरी बाजूला ठेवतो. काठीतून निघालेले पाते तो बाजूला ठेवील का? शिकारीसाठी छुपी हत्यारे आत नेली जातात हे ज्याला अनुभवाने माहीत आहे, त्याच्याकडून तशी अपेक्षा करता येणार नाही.

कोण काय म्हणते

काठीत चाकू असावा असे म्हणणाऱ्यांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. त्यांचे पहिले म्हणणे हेतूचे आहे. शस्त्र अधिनियमाची व्याख्या वस्तू शस्त्र म्हणून घडवली आहे का हे विचारते. दोर कापायला, झोळी करायला, पट्टीचे कापड फाडायला ठेवलेले आखूड पाते शस्त्र म्हणून घडवलेले नाही, मग ते काठीत असो वा डब्यात. दुसरे म्हणणे गैरसोयीचे. घसरड्या वाटेवर सॅक काढून तळातला चाकू शोधायला वेळ नसतो. तिसरे, नळीत वेगळा घडीचा चाकू ठेवला तर काठी ही केवळ पेटी ठरते आणि चाकू तिचा भाग होत नाही. मला यातले तिसरे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम वाटते. नळीतून काढलेला घडीचा चाकू तलवारीच्या काठीसारखा दिसत नाही आणि काठीच्या मुठीने तो चालवताही येत नाही.

वन्य प्राण्यांपासून बचाव हे कारण मात्र सांगणाऱ्याच्याच अंगावर येते. बचावासाठी पाते ठेवले असे म्हटले की वस्तू ‘बचावासाठी घडवलेल्या शस्त्रा’च्या व्याख्येत आपणहून जाऊन बसते. शिवाय ते कारण खरेही नाही. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर माणसांना वारंवार घायाळ करणारा प्राणी मधमाशी आहे. तिथे पाते निरुपयोगी. बिबट्या किंवा रानडुक्कर समोर आल्यास अंतर राखणे, घोळक्याने राहणे, आवाज करणे हाच सल्ला वनखाते देते.

अनुभवी गिर्यारोहकांतला एक मोठा वर्ग या काठीला कायद्याआधी सुरक्षेच्या कारणाने नकार देतो. काठीवर उताराला शरीराचा सगळा भार येतो. लाकूड पोखरले किंवा मुठीशी सुटा सांधा केला की ती नेमकी तिथेच मोडण्याची शक्यता वाढते. पडताना काठी अंगाखाली येते, आणि पाते सुटले तर जखम चालणाऱ्यालाच होते. काठी दरीत गेली की चाकूही जातो, हेही आहे.

पोलिसांची बाजू समजायला पुण्यातला कोयत्यांचा अनुभव पुरेसा आहे. ऊसतोडीचे आणि नारळ सोलायचे हे अवजार गेल्या काही वर्षांत दहशतीचे साधन झाले आणि त्याच्या विक्रीवरही लक्ष ठेवण्याची वेळ आली. ‘निव्वळ शेतीच्या वापरासाठी’ या शब्दांवर विसंबून राहता येत नाही, हे पोलीस रोज पाहतात. त्यांच्या मते रस्त्यावरच्या तपासणीत हेतू मोजता येत नाही, आणि लपवलेले पाते हा हेतूविषयीचा हाती असलेला पहिला पुरावा आहे. वकिलांत मतभेद आहेत. काही जण व्याख्येतल्या ‘घडवलेली’ या शब्दावर भर देतात. दुसरे ‘तशा उपयोगाची केलेली’ या शब्दांकडे बोट दाखवतात आणि विचारतात की चाकू काठीत दडवणे म्हणजे नेमके तेच नाही का.

इतर देशांनी काय केले

ब्रिटनमध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टच्या कलम १३९ने सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगण्यास बंदी केली. तीन इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू तेवढा मोकळा आहे. त्याहून मोठ्या पात्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि कॅम्पिंग किंवा मासेमारी असे कारण होऊ शकते. मात्र त्याच वर्षीच्या आदेशाने तलवारीची काठी वेगळ्या यादीत गेली: तलवारीसारखे वापरता येईल असे पाते आत असलेली पोकळ हातकाठी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना त्यातून सूट आहे. २००२ साली रोजच्या वापराच्या वस्तूच्या रूपात दडवलेला चाकू, म्हणजे कंगवा, पेन, लायटर अशा रूपातला, यादीत वाढवला गेला. आणि जुलै २०२१ पासून यादीतली हत्यारे घरात ठेवणेही गुन्हा आहे. त्यामुळे तिथे ट्रेकरला दोन वेगळी दारे दिसतात. सॅकमधल्या चाकूसाठी सबळ कारणाचे दार आहे. यादीत बसणाऱ्या काठीसाठी ते बंद आहे.

जर्मनीच्या शस्त्र कायद्याने एक-एक वस्तू न मोजता तत्त्वच लिहिले: आकाराने दुसऱ्या वस्तूचा भास निर्माण करणारी किंवा नित्य वापराच्या वस्तूत दडवलेली वार करण्याची वा भोसकण्याची हत्यारे निषिद्ध.

अमेरिकेत राज्याराज्यांत टोकाचा फरक आहे. कॅलिफोर्नियाची व्याख्या हातकाठीबरोबर लांब काठी, दांडा, छत्री यांचीही नावे घेते, म्हणजे ट्रेकिंगची काठी तिथे निःसंशय येते. अट एवढीच की आतले पाते तलवार किंवा टोच्यासारखे वापरता यावे. न्यूयॉर्कची व्याख्या हातकाठी आणि लष्करी छडीपाशी थांबते. टेक्सासने २०१७ साली पात्यांवरची बहुतेक बंधने काढली आणि साडेपाच इंचांहून लांब पात्यांना शाळा, न्यायालये यांसारखी काही ठिकाणे वर्ज्य केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली शस्त्रहक्काची कसोटी बदलल्यापासून चाकूंवरचे कायदेही न्यायालयात तपासले जात आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली खटक्याचा चाकू बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. भारतात तसा घटनात्मक हक्क नसल्याने तिथला युक्तिवाद इथे आणता येत नाही.

काय अनिर्णित आहे

मुठीसकट उपसता येणारे लांब पाते भारतीय नियमांत तलवारीची काठी ठरते, याबद्दल मला शंका वाटत नाही. आखूड पात्याबद्दल आहे. नऊ इंचांची अट अशा पात्याला लागू आहे का, आणि तीन-चार इंची पाते आत असलेल्या काठीला ते नाव देता येईल का, हे मजकुरातून निश्चित होत नाही. शस्त्र नियमांच्या अपवादात घरगुती, शेती, विज्ञान, उद्योग ही चार कामे आहेत. गिरिभ्रमण नाही. १९६२ साली ते नसणे स्वाभाविक होते. २०१६ साली नवे नियम लिहिताना, दर शनिवार-रविवारी गडांवर गर्दी लोटत असताना, ‘साहसी क्रीडा’ एवढे दोन शब्द घालता आले असते. त्याने छुप्या पात्याला मोकळीक मिळाली नसती, पण सॅकमधल्या प्रामाणिक चाकूला आधार मिळाला असता.

कलम ५चा धाक हौशी कारागिरापर्यंत पोहोचतो का, हा दुसरा प्रश्न, आणि तो न्यायालयाने स्पष्ट करीपर्यंत घरी काठी पोखरू नये असेच मी सांगेन. नळीत सुटा घडीचा चाकू ठेवण्याबाबत कायदा गप्प आहे. युक्तिवाद ट्रेकरच्या बाजूने असला तरी तो झडतीच्या वेळी करावा लागेल, आणि तोच चाकू सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला तर करावा लागणार नाही.

अभयारण्यांतला प्रश्न सोडवायला मात्र संसदेची गरज नाही. कलम ३१मध्येच परवानगीची सोय आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांनी ट्रेकच्या प्रवेशपावतीवर ‘स्वयंपाक व प्रथमोपचारासाठी अमुक लांबीपर्यंतचा उघडा चाकू, दडवलेले पाते नाही’ अशी एक ओळ छापली तर नाक्यावरच्या वनरक्षकाला आणि ट्रेकरला दोघांनाही नेमके काय चालते ते कळेल, आणि गावकऱ्याच्या कोयत्यासाठीही त्याच पद्धतीने लेखी नोंद करता येईल.